नटावरची पांढरी रेघ

११ जानेवारी

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, असं तुम्हीच सांगता. म्हणून लिहितो आहे. शिवाय ही गोष्ट मला न अडखळता सांगायची आहे. याआधी तीन कागद फाडले.

करडी माझ्याकडे आहे. ताई-दाजींची करडी गाडी. दोन वर्षं ती पोलिसांच्या आवारात उन्हापावसात पडली होती. दाजींनी ती भंगारवाल्याला देऊन टाकल्याचं कळलं, तेव्हा मी सुट्टी काढून त्याच्याकडे गेलो आणि ट्रेलरवर घालून इथे आणली. कागदपत्रांवर नाव अजून दाजींचंच आहे. मी राहतो त्या घराच्या मागे पत्र्याची शेड आहे. घरमालकीण शिवणकाम करते, स्वच्छतेची फार भोक्ती. म्हणाली, "तेल सांडलं तर तू पुसायचंस." म्हटलं, पुसेन. "लगेच?" म्हटलं, लगेच. मग किल्ली दिली.

इंजिन पुन्हा बांधून गाडी ताईच्या दारात नेऊन उभी करायची, एवढंच मनात आहे. दाजींचा पाय त्याने परत येणार नाही, ते मला कळतं. पण ताई दोन वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. माझा आवाज ऐकला की फोन ठेवते. गाडी दारात चालू उभी असेल तर कदाचित बाहेर येऊन शिव्या तरी देईल.

अपघातानंतर दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "इंजिनाचा पट्टा याच्या हातचा आहे. तो ताणणाऱ्या रोलरचा नट सैल राहिला." मी काही बोललो नाही, कारण पट्टा माझ्याच हातचा होता. ९ मार्चला मी तुमच्या गॅरेजमध्ये बसवला, १५ मार्चला वेल्डिंग शिकायला दोन महिने बाहेर गेलो, आणि ऑगस्टमध्ये उतारावर इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग जड, ब्रेक घट्ट, समोर कठडा. पोलिसांच्या माणसासमोर कव्हर तुम्हीच काढलंत आणि नट बोटाने फिरला. त्यामुळे शंकेला जागा नाही.

तरी एक गोष्ट मला कळत नाही. तो नट मी आवळला, तीनदा पाहिला आणि त्यावरून शेजारच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, नेहमीसारखी, नट हलला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. हे मला लख्ख आठवतं. मग सैल कसा राहिला? म्हणजे माझी आठवणच खोटी. तेव्हापासून मी पान्याला हात लावलेला नाही. खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठे मोजतो. गॅसचं बटण बंद केलं का, ते बघायला कोपऱ्यावरून परत येतो, कधी दोनदा.

इंजिन १९०५ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, टर्बो, ब्याण्णव अश्वशक्ती. पट्टा घसरला म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळलेच असणार. कुठून सुरुवात करू?

तुमचा भाचा

---

१९ जानेवारी

चि. तपासनीस,

अनेक आशीर्वाद. चार पानं लिहिलीस! मला वाटलं मृत्युपत्रच पाठवलंस.

इंजिन उघडू नकोस. मोठ्यांचं ऐकायची सवय तुला आहे म्हणून स्पष्ट लिहितो. ती जात म्हातारी झाली. एके काळी तिच्यासारखं इंजिन नव्हतं, पाच लाख किलोमीटर हसत जायचं. पण तिच्या खोडी तुला ठाऊक आहेत. रेडिएटर इंजिनाच्या खाली, त्यामुळे पाणी भरताना हवा अडकते, मालकाला वाटतं टाकी भरली, आणि आत हेड भाजून निघतं. भाजलं की तडकतं. डिझेलच्या नळ्या वाळतात, हवा ओढतात, सकाळी चालू करताना अर्धा तास खोकते. हीटर प्लग एक गेला की चारही जातात. टर्बोला शेवटी मिनिटभर निवांत चालू ठेवून मग बंद करावं लागतं, आणि आजकाल मिनिटभर थांबायला वेळ कोणाला आहे? दोन वर्षं पावसात पडलेल्या इंजिनात तर काय काय गंजलं असेल.

तुला गाडी उभीच करायची असेल तर भंगारातून चालू इंजिन आख्खं उचल आणि तिच्यात बसव. जुनं तसंच, न उघडता, वजनावर दे. दोन दिवसांचं काम. पत्ते हवे असतील तर पाठवतो.

दुसरं म्हणजे मागचं उकरू नकोस. झालं ते झालं. मी तुला त्यानंतर कधी एका शब्दाने बोललो का? माणसाच्या हातून होतं. तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास.

दाजी बरे आहेत. काउंटरवर बसतात, सगळ्या सुट्या भागांचे नंबर त्यांना तोंडपाठ झालेत. जमीनमोजणीचा माणूस, नीटनेटका. ताई गॅरेजवरच्या खोल्यांत सुखात आहे. तिला यातलं आत्ताच काही कळवू नकोस, उगाच जखमेवरची खपली निघेल.

तू गेल्यापासून गिऱ्हाइकांना द्यायच्या कागदांची बोंब आहे. काय काढलं, काय बसवलं, काय तसंच ठेवलं, हे तुझ्यासारखं सुवाच्य कोणी लिहीत नाही. परवा एक गिऱ्हाईक कागद उलटा धरून वाचत होतं.

मामा

---

६ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुमचा शब्द मी पहिल्यांदाच मोडला. इंजिन उघडलं. दुसऱ्याचं इंजिन बसवून गाडी दिली असती तर मी काय दुरुस्त केलं, हा प्रश्न उरला असता.

आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकलेत. पिस्टनांच्या डोक्यांवर चंद्रकोरीसारखे ठसे आहेत, पण खोल नाहीत. पिस्टन वाचतील. हेडवर पोलादी पट्टी उभी-आडवी-तिरकी धरून पाहिली, उजेड कुठून येत नाही. तडा नाही. तुमची भीती खोटी ठरली म्हणून राग मानू नका. गॅस्केटच्या कडेला दोन खाचा आहेत, म्हणजे तेवढ्याच जाडीचं आणावं लागेल. कॅमच्या टोप्या क्रमाने मांडल्यात, प्रत्येकीखाली चिठ्ठी. घरमालकीण बघून म्हणाली, "माझ्या बटणांच्या डब्यालाही एवढी शिस्त नाही."

आता मुख्य गोष्ट. पट्ट्याचं कव्हर काढायला मी चार दिवस लावले. बाकी सगळं उघडून झालं तरी तिकडे हात जाईना. शेवटी रविवारी सकाळी काढलं. पांढरी रेघ आहे, मामा. नटावर अर्धी आणि शेजारच्या लोखंडावर अर्धी, पण दोन्ही अर्ध्या एकमेकींसमोर नाहीत. नटावरची पाव फेऱ्याने मागे आहे. म्हणजे रेघ मी मारली हे खरं, आणि नट सैल झाला हेही खरं. मी तो पुरेसा आवळला नसणार. हाताला वाटलं आवळला, पण नव्हता. दोन वर्षं मनात कुठेतरी होतं, की कदाचित मी नसेन. ते आता संपलं. एका अर्थी बरं वाटलं. त्या रात्री गॅस बघायला एकदाच उठलो.

पट्टा, रोलर, दोन्ही सील, सगळं नवं घेणार आहे. पाण्याचा पंपही. तो गंजाने आणि पाण्याच्या पांढऱ्या खारीने इतका माखलाय की ओळखू येत नाही. तुम्हाला आठवत असेल, पट्टा बदलतानाच पंप बदलू या असं मी तेव्हाही म्हटलं होतं, कारण या इंजिनात पंप पट्ट्यावरच फिरतो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तपासनीस, पंप गळतोय का? नाही ना? मग त्याला झोपू दे." सगळे हसले होते. मीसुद्धा. आता मात्र मी तो भंगारात टाकणार आहे.

व्हॉल्व्ह कुठे मिळतील तेवढं कळवा.

तुमचा भाचा

---

१३ फेब्रुवारी

चि. तपासनीस,

आशीर्वाद. पत्र वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. रेघेचं लिहिलंस ते वाचलं. आता ते मनातून काढून टाक. पाव फेरा म्हणजे काहीच नाही, कोणाच्याही हातून राहतो.

सोबतच्या खोक्यात आठ व्हॉल्व्ह, त्यांची सीलं, गॅस्केट (दोन खाचांचंच आहे, दोनदा पाहिलं, तुझी लागण झाली मला) आणि हेडचे नवे बोल्ट आहेत. जुने बोल्ट परत वापरू नकोस, ते एकदा ताणले की संपले. हे माझ्याकडून. परत काही पाठवायचं नाही.

व्हॉल्व्ह बसवताना घाई नको. प्रत्येक बैठकीवर पेस्ट लावून घासायचा, राखाडी कडं सगळीकडे सारखं आलं पाहिजे. हेड आवळताना मधून बाहेर, गोल गोल. पट्टा चढवल्यावर इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरव, मग रोलर पुन्हा सैल करून परत बसू दे आणि मगच शेवटचा आवळ. लोक इथेच चुकतात. पाणी भरताना नळीचं वरचं तोंड उघडं ठेव आणि टाकी इंजिनाच्या वर धर, हवा निघेपर्यंत.

पंप मात्र फेकू नकोस. चांगल्या वस्तूचा असा नाश मला बघवत नाही. वरून गंजलाय म्हणून काय झालं, आतून नवा आहे, जेमतेम चार महिने चाललाय. बेअरिंग फिरवून बघ, आवाज नसेल तर डोळे मिटून ठेव. लोकांना फेकायची घाई फार.

दाजींनी व्हॉल्व्ह बांधताना विचारलं, कोणाला? मी म्हटलं, एका ओळखीच्याला.

मामा

---

१७ फेब्रुवारी

मामा,

खोकं मिळालं. उघडलेलं नाही.

तुमच्या पत्रातलं पंपाचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मग रॉकेलचा डबा घेऊन शेडमध्ये गेलो आणि पंप पुसला.

मी ९ मार्चला आत ठेवलेल्या पंपाचा एक कान, बोल्ट जातो तो, तुटका होता. या पंपाचे कान शाबूत आहेत. गॅस्केटच्या कडेने लाल पेस्ट बाहेर आली आहे. लाल पेस्ट तुम्ही लावता. मी कागदाचं गॅस्केट कोरडंच बसवतो, त्यावरून तुम्ही मला कायम चिडवायचात.

चार महिने चालला म्हणजे एप्रिलमध्ये बसला. एप्रिलमध्ये मी गावात नव्हतो.

पंप बदलायचा तर पट्टा काढावा लागतो. पट्टा काढायचा तर रोलरचा नट सैल करावा लागतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

तो नट शेवटचा कोणी आवळला?

---

५ मार्च

मामा,

सोळा दिवस झाले. पत्र पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. तुमची सही मला ओळखू येते.

मी फक्त एकच गोष्ट विचारली आहे.

---

१४ मार्च

बाळा,

चार वेळा लिहायला बसलो. काउंटरवर दाजी असतात, त्यांच्यासमोर लिहिता येईना. आज गाडीच्या खाली दिवा घेऊन झोपलो आणि तिथे लिहितो आहे. अक्षर गोड मानून घे.

तू गेलास आणि महिन्याभरात पंप गळायला लागला. तू म्हणाला होतास तेच झालं. मी तो बदलला. आल्यावर तुला सांगायचं मनात होतं. पण तुला सांगितलं असतं तर तू "बघा, मी म्हटलं होतं" असं काही म्हणाला नसतास. नुसतं बघितलं असतंस. तुझं ते बघणं मला नको होतं. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला भाच्याचं बघणं सोसत नाही. बस, एवढ्याशा गोष्टीसाठी गप्प राहिलो. कागदही लिहिला नाही, कारण लिहिणारा तूच.

नट आवळत होतो तेव्हा बाहेर कोणीतरी हाक मारली. परत आलो आणि कव्हर लावलं. दोन फेऱ्या फिरवल्या नाहीत. मध्ये पाना लावला होता की नुसता बोटाने बसवला होता? खरं सांगतो, मला आठवत नाही. दोन वर्षं मी तेच आठवतो आहे.

ऑगस्टमध्ये पोलिसांच्या माणसासमोर कव्हर काढलं आणि नट बोटाने फिरला. त्याने विचारलं, "पट्टा कोणी बसवला होता?" मी म्हटलं, भाच्याने. ते खोटं नव्हतं. त्याने पुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग पायऱ्यांवर तेच वाक्य परत तोंडातून निघालं. एकदा निघालेलं वाक्य परत गिळता येत नाही रे. वाटलं, तू तरुण आहेस, एकटा आहेस, तुला कोण विचारतंय. माझ्या दारावर पाटी आहे, पाटीखाली सहा जणांची पोटं आहेत.

दाजींना काउंटर दिलं, वरच्या खोल्या दिल्या. माझ्या परीने भरपाई केली असं समज.

तू काय करायचं ते कर. मी अडवणार नाही. फक्त ताईला यात ओढू नकोस. तिचं घर माझ्या छपराखाली आहे, एवढा विचार कर.

मामा

---

१६ मार्च

ताई,

हे पाकीट न उघडता परत करू नकोस. यात माफी मागितलेली नाही, त्यामुळे वाचायला हरकत नाही.

नट मी सैल ठेवला नव्हता. मी गावाबाहेर असताना एप्रिलमध्ये मामांनी पाण्याचा पंप बदलला, तेव्हा पट्टा काढून पुन्हा चढवला. नट त्यांच्या हातून राहिला. त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे, पत्र माझ्याकडे आहे. ते तुला हे कळू नये म्हणून मला विनवतात, कारण तुमचं घर त्यांच्या छपराखाली आहे म्हणे. तुझी त्यांना भीती वाटते. वाटू दे.

ताई, मी दोन वर्षं कोणाच्या वस्तूला हात लावला नाही. इथे एका शेजारणीच्या मुलाची सायकल पंक्चर झाली तर मी नाही म्हटलं. मला वाटायचं, माझ्या हातात काहीतरी खोट आहे, जी मला दिसत नाही आणि लोकांना दिसते. ती नव्हती. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ अंगणात फिरून आलो.

करडी मी इथे बांधतो आहे. पंधरा-वीस दिवसांत चालू होईल. घेऊन येतो. दाजींच्या पाया पडायचं आहे, चूक केली म्हणून नाही, नुसतंच. तुझ्या हातचं जेवायचं आहे. लहानपणी मी काही फोडलं की तू आधी मला दोन धपाटे घालायचीस आणि मग सगळ्यांशी माझ्या बाजूने भांडायचीस. धपाटे दोन वर्षं खाल्ले. आता भांड.

रविवारी सकाळी दहाला फोन करतो. उचल.

छोट्या

---

३० मार्च

छोट्या,

त्या रविवारी फोन वाजत होता तेव्हा मी त्याच्यासमोरच बसले होते. नंतरचेही तीन. उचलला नाही, कारण जे सांगायचं ते तुझा आवाज ऐकत सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये गाडी गॅरेजला मीच नेली होती. दाजी मोजणीला बाहेरगावी होते. खाली पाणी ठिबकत होतं म्हणून नेली. काम होईपर्यंत मी बाकावर बसून होते. कव्हर काढल्यावर मामांनी मला बोलावून दाखवलं, "ये, बघ तुझ्या भावाचं काम. नटावर रेघसुद्धा मारून ठेवली आहे साहेबांनी." आणि हसले. मीही हसले. मग त्यांनी नट सोडला.

तेव्हा मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

पायऱ्यांवर मामा बोलले, तेव्हा बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेवढंच झालं. आत दाजींचा पाय कापत होते. आठवड्याने मामा आले आणि म्हणाले, दाजींची नोकरी आता गेलीच, तर काउंटरवर बसू देत, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी हो म्हटलं. त्यावर आम्ही दोघं आजपर्यंत एक अक्षर बोललेलो नाही.

तुला वाटतं मी रागाने फोन ठेवते. तू दर वेळी माफी मागायचास रे. तुझी माफी मला ऐकवत नव्हती.

तू एकटा होतास. दोन हात, दोन पाय, कुठेही गेला असतास. आम्ही कुठे गेलो असतो? हे कारण म्हणून सांगत नाही, पण दुसरं कारण नाही.

आता एकच मागते. दाजींना सांगू नकोस. त्यांना वाटतं तूच. ते कधी तुझ्याबद्दल वाईट बोलत नाहीत, "पोराच्या हातून झालं" एवढंच म्हणतात. त्यांना कळलं तर ते या जागेत एक दिवस राहणार नाहीत, आणि माझ्याबरोबर राहतील की नाही तेही मला माहीत नाही. मामांचं आयुष्य जाईल, माझंही जाईल. तू दोन वर्षं सोसलंस. तुला सवय झाली असेल, असं लिहिलं होतं, पण खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

गाडी आणू नकोस.

ताई

---

१२ एप्रिल

ताई,

करडी चालू झाली. पहिल्या खेपेला नाही, चौथ्या खेपेला. धूर आधी पांढरा, मग काहीच नाही. घरमालकीण कानावर हात ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "हेच होतं का ते?" म्हटलं, हेच.

तुझं पत्र घडी करून ठेवलं आहे. तू रागावली आहेस असं मला वाटायचं. तो राग मी सांभाळून ठेवला होता, कारण तो तरी माझ्यावरचा, माझ्यासाठीचा होता. मामांचं कळलं तेव्हा मला वाटलं, यापेक्षा वाईट काही नसेल. मामांना निदान हाक मारायला कोणीतरी आलं होतं. तू तर बाकावर बसून बघत होतीस, आणि तुला रेघसुद्धा दाखवली होती.

गाडी मी आणत नाही. कारखान्याचा ड्रायव्हर तिकडे माल घेऊन येणाऱ्या ट्रकबरोबर येतो आहे, तो आणून उभी करील. गाडी दाजींच्या नावावर आहे, ती त्यांना परत मिळाली पाहिजे.

दाजींना सांगू नकोस म्हणतेस. मी त्यांना कोणाबद्दल काही सांगणार नाही. पण गाडी परत करताना मालकाला कागद द्यायचा असतो. काय काढलं, काय बसवलं, काय तसंच ठेवलं. हे मला मामांनी शिकवलं, आणि आजवर मी एकही कागद खोटा लिहिलेला नाही. हाही लिहिणार नाही.

कागद पाकिटात घालून पुढच्या सीटवर ठेवला आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तुला आधी उघडून फाडता येईल. या वेळी खाली बघायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा भाऊ

---

१२ एप्रिल

दाजींना नमस्कार.

तुमची गाडी परत पाठवत आहे. नेहमीचा कागद सोबत.

इंजिन १९०५ सीसी, टर्बो डिझेल, ब्याण्णव अश्वशक्ती. मीटरवर २,१४,६८० किलोमीटर.

आठही व्हॉल्व्ह, त्यांची सीलं, हेडचं गॅस्केट आणि हेडचे बोल्ट नवे बसवले. हे भाग तुम्हीच तुमच्या हाताने बांधून पाठवले होते, मामांच्या ओळखीच्या माणसाला. तो ओळखीचा माणूस मी. हेड तडकलेलं नाही. पिस्टनांवर ठसे आहेत, त्याने चालण्यात फरक पडत नाही.

डिझेलच्या नळ्या आणि चारही हीटर प्लग नवे. सकाळी चालू करण्याआधी पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावं. पाण्यात हवा राहिलेली नाही. तरी पहिले दोन आठवडे टाकी बघत राहावी, थंड असतानाच. लांबून आल्यावर टर्बोसाठी मिनिटभर चालू ठेवून मग बंद करावी. ताई विसरेल, तिला आठवण करून द्यावी.

पट्टा, रोलर आणि दोन्ही सीलं नवी. पुढचा पट्टा २,९०,००० ला, त्याच्या पुढे जाऊ देऊ नये. रोलरचा नट आवळून त्यावर पांढरी रेघ मारली आहे. मागच्या खेपेला, ९ मार्चला, पट्टा मीच बसवला होता आणि तेव्हाही अशीच रेघ मारली होती. त्या कामाचा कागद तुमच्या फायलीत आहे. त्यात शेवटच्या ओळीत लिहिलं आहे, "पाण्याचा पंप जुनाच ठेवला, एक कान तुटका."

आज गाडीत जो पाण्याचा पंप आहे त्याचे कान शाबूत आहेत. तो मी बदललेला नाही, तसाच ठेवला आहे. बेअरिंगला आवाज नाही, पंप चांगला आहे. तो त्या ९ मार्चनंतरच्या एप्रिलमध्ये बसवलेला आहे, मी गावात नसताना. या इंजिनात रोलरचा नट सोडून पट्टा काढल्याशिवाय पंप बदलता येत नाही, हे दोन वर्षं काउंटरवर बसून तुम्हाला माहीत झालंच असेल. पंप बदलल्याचा कागद मात्र तुमच्या फायलीत मिळणार नाही. पंप कोणी बसवला ते विचारायचं असेल, तर त्यासाठी तुम्हाला काउंटरच्या खुर्चीतून उठावंही लागणार नाही.

काम करणारा: मी.
तपासणारा: मी. एकदाच.